स्कूबल की स्कीन्स? राखीव पिचर एकच ठेवता येणार आहे

तीन_नद्या | ५ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, फॅन्टसी बेसबॉल (खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करायचा, गुण त्यांच्या खऱ्या कामगिरीवर) खेळणारे इथे मोजकेच आहेत, पण जे आहेत त्यांचा सल्ला हवाय. तीन आठवडे डोक्यात हाच घोळ चाललाय.

आमची लीग बारा जणांची, सगळे पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगनमधले मराठी लोक. पैसे लावत नाही. जो शेवटचा येतो तो पुढच्या गणपतीत सगळ्यांना जेवायला बोलावतो. प्रत्येकाला पुढच्या हंगामासाठी तीन फलंदाज आणि एकच पिचर (चेंडू टाकणारा) राखता येतो. राखलेला खेळाडू जास्तीत जास्त तीन हंगाम ठेवता येतो, म्हणजे आता राखला तर २०२६, २०२७ आणि २०२८. नावं ३१ जानेवारीपर्यंत द्यायची. न राखलेले सगळे मार्चच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत, परत जातात.

माझ्याकडे दोघेही आहेत. डेट्रॉइटच्या टॅरिक स्कूबलला ड्राफ्टमध्ये घेतलं होतं आणि पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स जूनमध्ये अदलाबदलीत आला. गेल्या महिन्यात दोघांनाही साय यंग पुरस्कार (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगमधल्या एकेका सर्वोत्तम पिचरला मिळतो तो) मिळाला, अमेरिकन लीगचा स्कूबलला (सलग दुसऱ्यांदा) आणि नॅशनल लीगचा स्कीन्सला, तोही एकमताने. म्हणजे बेसबॉलमधले सर्वांत चांगले दोन पिचर माझ्या संघात आणि त्यातला एक सोडायचा.

२०२५चे आकडे असे: स्कूबल १३ विजय, ६ पराभव, ईआरए २.२१, २४१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), व्हिप ०.८९, इनिंग १९५च्या थोड्या वर. स्कीन्स १० विजय, १० पराभव, ईआरए १.९७, २१६ स्ट्राइकआउट, व्हिप ०.९५, इनिंग १८८ला थोड्या कमी. स्कूबल नोव्हेंबरमध्ये २९ वर्षांचा झाला, स्कीन्स २३चा आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी पिट्सबर्गला राहतो. ११ मे २०२४ला स्कीन्स पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा मी आणि माझी लेक पीएनसी पार्कमध्ये, पिट्सबर्गच्या मैदानात, होतो. शिकागो कब्सविरुद्ध सात जण बाद केले पोराने. मग पाऊस आला, खेळ दोन तासांहून जास्त थांबला, तरी लेक उठायला तयार नव्हती. त्यामुळे माझं मन कुठे ओढ घेतंय ते मला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला विचारतोय.

मोटारनगर | ५ डिसेंबर, रात्री १०:०५

स्कूबल. दुसरा विचारही नको.

२०२४ला अमेरिकन लीगमध्ये विजय, ईआरए आणि स्ट्राइकआउट या तिन्हींत पहिला होता: १८ विजय, २.३९, २२८. पुढच्या वर्षी त्याहून चांगला. सलग दोन वर्षं असं करणारा पिचर रोज सापडत नाही. अमेरिकन लीगमध्ये लागोपाठ दोन साय यंग याआधी पेद्रो मार्टिनेझने घेतले होते, १९९९ आणि २०००मध्ये.

गेल्या मे महिन्यात क्लीव्हलंडविरुद्ध त्याने अख्खा सामना एकट्याने टाकला, १३ स्ट्राइकआउट, एकही धाव नाही आणि एकूण चेंडू फक्त ९४. शेवटचा चेंडू ताशी १०२.६ मैलांचा होता. नवव्या इनिंगला, ९४व्या चेंडूला! मी डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्क मैदानात होतो. शेजारचे अनोळखी आजोबा माझ्या गळ्यात पडले.

नवखा_पुणे | ६ डिसेंबर, सकाळी ११:३०

मी क्रिकेटच्या फॅन्टसीतला माणूस, बेसबॉल अजिबात कळत नाही, पण धागा वाचून उत्सुकता वाटली. १० विजय आणि १० पराभव असलेला बोलर सर्वोत्तम कसा ठरला? आणि हे ईआरए, व्हिप म्हणजे काय? तसंच पिट्सबर्ग म्हणजे २००८मध्ये ज्यांनी भारतातल्या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून घेतलं, तोच संघ का?

तीन_नद्या | ६ डिसेंबर, सकाळी ११:५५

हो, तोच! रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही खालच्या स्तरावरच्या लीगपर्यंतच खेळले, पण त्या वेळी इथल्या आपल्या लोकांत केवढा आनंद होता.

ईआरए म्हणजे पिचरने नऊ इनिंगमागे (म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे) सरासरी किती धावा दिल्या. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. चारच्या आसपास असेल तर ठीकठाक, तीनच्या खाली उत्तम, दोनच्या खाली म्हणजे दुर्मीळ. व्हिप म्हणजे दर इनिंगला हिट (चेंडू मारून) आणि वॉक (पिचरने चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे) मिळून किती फलंदाज बेसवर पोचू दिले. एक म्हणजे फार छान, हे दोघे एकच्याही खाली आहेत.

स्टार्टिंग पिचर साधारण पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो, त्यामुळे हंगामाच्या १६२ सामन्यांत त्याच्या वाट्याला तीस-बत्तीस येतात. विजय त्याच्या नावावर लागायचा तर त्याच्या संघाने धावा करायला हव्यात ना? २०२५मध्ये ३० संघांत सर्वांत कमी धावा पिट्सबर्गच्या होत्या. १८ मेला फिलाडेल्फियात स्कीन्सने आयुष्यातला पहिला पूर्ण सामना टाकला आणि आम्ही १-० हरलो. बुमराने पाच बळी घ्यावेत आणि फलंदाजी शंभरात गुंडाळावी, तसं वर्षभर चालू होतं.

मीरा_क्लीव्हलंड | ६ डिसेंबर, दुपारी २:१०

नवखा, तुमच्या प्रश्नाला जोड देते. २०१०मध्ये सिअॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझला १३ विजय आणि १२ पराभवांवर साय यंग मिळाला, २०१८मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला १० विजय आणि ९ पराभवांवर, ईआरए १.७०. तेव्हापासून मतदार विजय फारसे बघत नाहीत. पण फॅन्टसीत विजय अजून मोजले जातात, आणि तीन_नद्यांची अडचण तिथेच आहे.

दादा, तुमच्या लीगमध्ये विजय मोजता की क्वालिटी स्टार्ट? क्वालिटी स्टार्ट असेल (सहा किंवा जास्त इनिंग, तीन किंवा कमी धावा) तर पिट्सबर्गच्या फलंदाजीचं ओझं स्कीन्सवर राहत नाही आणि प्रश्नच बदलतो.

तीन_नद्या | ६ डिसेंबर, दुपारी २:२५

मीराताई, विजयच मोजतो. पाच रकाने: विजय, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी टिकवणाऱ्या पिचरला मिळतो तो), स्ट्राइकआउट, ईआरए, व्हिप. आठवड्याच्या जोड्या नाहीत, पूर्ण हंगामाची बेरीज. प्रत्येक रकान्यात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १.

आकडेमोड | ६ डिसेंबर, रात्री ८:४५

इनिंगची मर्यादा आहे का?

तीन_नद्या | ६ डिसेंबर, रात्री ८:५०

आहे, संपूर्ण संघाला हंगामात १४००. आमच्यात बहुतेक सगळे ती सप्टेंबरअखेर संपवतात.

आकडेमोड | ६ डिसेंबर, रात्री ११:२०

मग नीट मांडून बघू. नुसते १.९७ आणि २.२१ शेजारी ठेवले की स्कीन्स बराच पुढे वाटतो, २४१ आणि २१६ ठेवले की स्कूबल. दोन्ही दिसतं तितकं खरं नाही.

स्कूबलने २०२५मध्ये ४८ धावा दिल्या (ईआरएत धरतात त्या), स्कीन्सने ४१. फरक सातचा. पण स्कूबलने सुमारे पावणेआठ इनिंग जास्त टाकल्या. तुमच्या लीगला १४००ची मर्यादा आहे आणि तुम्ही ती संपवता, म्हणजे स्कीन्स ठेवलात तर त्या पावणेआठ इनिंग तुमचा दुसरा कोणीतरी पिचर टाकणार. तो चार ईआरएवाला धरा, तो साडेतीनच्या आसपास धावा देईल. सातातले निम्मे तिथेच गेले. उरलेल्या साडेतीन धावा १४०० इनिंगमध्ये विरघळल्या की संघाच्या ईआरएत फरक पडतो ०.०२चा. एवढ्यावर रकान्यात जागा क्वचितच बदलते.

स्ट्राइकआउटचं तेच. फरक २५चा, पण तो दुसरा पिचर त्याच इनिंगमध्ये आठेक काढून देईल. खरा फरक १७. व्हिपमध्ये स्कूबल पुढे, पण संघाच्या पातळीवर ०.०१नेच. विजयांत तीन.

म्हणजे २०२५चा हंगाम जसाच्या तसा पुन्हा झाला तर स्कूबल थोडा पुढे, आणि तो पुढे आहे विजय आणि स्ट्राइकआउटमुळे. ईआरए दोघांत निर्णायक नाही. तुमच्या लीगमध्ये गेल्या वर्षी विजयांत आणि स्ट्राइकआउटमध्ये तुमच्या वरच्याशी किती अंतर होतं ते काढा. विजयांत दोन-तीनच्या अंतरात चार संघ चिकटलेले असतील तर ते तीन विजय फार मोलाचे आहेत.

अजून एक. स्कीन्सचे नऊ इनिंगमागे स्ट्राइकआउट २०२४मध्ये ११.५ होते, २०२५मध्ये १०.४वर आले. स्कूबल ११.१. वॉक स्कूबलचे ३३, स्कीन्सचे ४२. चेंडूवरचा ताबा म्हणाल तर स्कूबल आज जगात एक नंबर आहे असं माझं मत.

मोटारनगर | ६ डिसेंबर, रात्री ११:३२

आकडेमोड, शंभर टक्के सहमत. तुमचे प्रतिसाद वाचायला मिळतात म्हणून मी इथे येतो.

गोदाकाठ | ७ डिसेंबर, सकाळी ७:१५

सगळे २०२६चंच बोलताय. तीन हंगामांचं कोण बोलणार?

स्कूबलच्या डाव्या हाताची दोन ऑपरेशनं झालेली आहेत. कॉलेजात असताना २०१६ला कोपराचं, टॉमी जॉन (कोपरातला फाटलेला अस्थिबंध बदलायचं ऑपरेशन), आणि ऑगस्ट २०२२मध्ये हाताच्या पुढच्या भागातल्या स्नायूबंधाचं. परत उतरला जुलै २०२३मध्ये. या सप्टेंबरमध्ये मायामीविरुद्ध चौथ्या इनिंगला कूस आवळली म्हणून बाहेर गेला, तेव्हा सगळ्या डेट्रॉइटचा श्वास अडकला होता. नशिबाने पुढची पाळी चुकली नाही. २०२८च्या हंगामात तो ३१ वर्षांचा असेल. स्कीन्स तेव्हा २६.

डीग्रॉमचं उदाहरण मीराताईंनी दिलं, ते पुढे नेतो. २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन साय यंग. २०२१मध्ये ईआरए १.०८, विश्वास बसणार नाही असा, पण सामने फक्त १५. २०२२मध्ये ११. २०२३मध्ये ६ आणि मग पुन्हा टॉमी जॉन. मी त्या काळात त्याला राखून ठेवला होता. रोज सकाळी उठून पहिली बातमी त्याच्या हाताची बघायचो. ज्या वर्षी राखला त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये दुसरा चांगला पिचर घ्यायची जागाही गेली, हे दुखणं वेगळंच.

मोटारनगर | ७ डिसेंबर, सकाळी ९:००

गोदाकाठ, तरुण म्हणून हात टिकतो हे कुठे लिहिलंय? स्पेन्सर स्ट्रायडर बघा. २०२३ला अटलांटासाठी २० विजय, २८१ स्ट्राइकआउट, वय २४. सगळ्यांनी डोळे मिटून राखला. २०२४ला दोन सामने खेळला आणि कोपराचं ऑपरेशन.

आणि वॉशिंग्टनचा स्टीफन स्ट्रासबर्ग? २००९च्या खऱ्या ड्राफ्टमधला (जिथे बेसबॉलचे संघ नवे खेळाडू निवडतात) पहिला, स्कीन्स २०२३च्या ड्राफ्टमधला पहिला तसाच. जून २०१०मध्ये पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट, तेही पिट्सबर्गविरुद्धच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टॉमी जॉन. उलट स्कूबलचं जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि त्यानंतर दोन पूर्ण हंगाम त्याने १९०च्या वर इनिंग टाकल्यात.

गोदाकाठ | ७ डिसेंबर, सकाळी ९:४०

मान्य. वेगाने टाकणाऱ्या कोणाच्याच हाताची हमी नाही. पण स्कीन्सवर आजवर एकही ऑपरेशन नाही आणि पिट्सबर्गने त्याला जपून वापरलंय. २०२४मध्ये मिलवॉकीला सात इनिंगमध्ये एकही हिट दिली नव्हती, ११ स्ट्राइकआउट, तरी बाहेर काढला. तेव्हा लोकांना फार राग आला होता, मलाही आला होता. आज वाटतं बरं केलं. २०२५मध्ये ३२ वेळा उतरला, एकही पाळी चुकली नाही.

धोका दोघांना असेल तर मी साडेपाच वर्षांनी लहान असलेल्याच्या बाजूने उभा राहीन. बास.

मीरा_क्लीव्हलंड | ७ डिसेंबर, दुपारी १:०५

संघांबद्दल कोणी बोललं नाही. स्कूबलचा डेट्रॉइटबरोबरचा काळ २०२६च्या हंगामाअखेर संपतो. त्यानंतर तो कुठे जाईल सांगता येत नाही, पण त्याला पैसे देऊ शकणारे संघ धावा करणारेच असतात, त्यामुळे विजयांची काळजी नको. काळजी मैदानाची. कोमेरिका पार्क मोठं आहे, मधली भिंत ४१२ फुटांवर. होमरन सहज जाणारं एखादं मैदान त्याच्या वाट्याला आलं तर ईआरए थोडा वर सरकू शकतो. स्कूबल फार मोठा पिचर आहे, हे मी क्लीव्हलंडची असून म्हणते, आमच्या लोकांना त्याने किती छळलंय! पण २०२७ आणि २०२८ला तो कुठल्या मैदानात टाकत असेल हे आज माहीत नाही.

स्कीन्स २०२९पर्यंत पिट्सबर्गच्याच हातात आहे. पीएनसी पार्कमध्ये डावीकडची मधली बाजू ४१० फुटांपर्यंत खोल, उजव्या हाताच्या फलंदाजांना होमरन मारणं अवघड. फक्त एक शक्यता, त्यांनीच त्याला विकला तर. पिचर गेरिट कोलला २०११मध्ये पहिला निवडला आणि जानेवारी २०१८मध्ये ह्यूस्टनला देऊन टाकला. पुढच्याच वर्षी, २०१९ला, त्याने ३२६ स्ट्राइकआउट केले. म्हणजे स्कीन्स पिट्सबर्गमधून गेला तरी फॅन्टसीवाल्याचं नुकसान होईल असं नाही, उलट विजय वाढतील.

एका वर्षासाठी स्कूबल. तीन वर्षांसाठी स्कीन्स. माझं मत एवढं.

तीन_नद्या | ७ डिसेंबर, दुपारी ३:३०

मीराताई, कोलचं नाव काढलंत आणि घरात शांतता पसरली. लेकीला वाचून दाखवत होतो, ती म्हणाली, "स्कीन्सला नाही देणार ते." मी काही बोललो नाही.

आकडेमोड, तुम्ही सांगितलंत तसं काढलं. विजयांत मी सहावा आलो, वरच्याशी अंतर पाचचं, खालच्याशी चारचं. म्हणजे तीन विजय इकडे तिकडे झाले तरी माझी जागा तीच राहिली असती. स्ट्राइकआउटमध्ये मात्र माझ्यावरचा अकराने पुढे होता. तुमच्या हिशोबाने १७ खरे धरले तर तिथे एक गुण. पूर्ण वर्षाचा एक गुण! आणि मी तीन आठवडे झोप घालवली.

उकडीचा_मोदक | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

मी बेसबॉल नाही, बास्केटबॉलची फॅन्टसी खेळते, पण राखीव खेळाडूंच्या लीगमध्ये आठ वर्षं आहे. एक विचारू? सगळेजण "कोणाला ठेवू" एवढंच बोलताय. ज्याला ठेवणार नाही तो फुकट ड्राफ्टमध्ये का सोडताय? ३१ जानेवारीला अजून दोन महिने आहेत ना? अदलाबदल चालू आहे का तुमच्याकडे?

असेल तर प्रश्न "कोण चांगला" हा नाहीच. दोघांत एका गुणाचा फरक आहे हे आत्ताच सिद्ध झालं. मग ज्याच्या बदल्यात जास्त मिळेल तो द्यायचा आणि दुसरा ठेवायचा. तुमच्या लीगमध्ये कोणाला काय हवंय ते बघा. कोणाकडे राखण्यासारखा पिचर नाही? कोण कुठल्या संघाचा चाहता आहे? माणसं आपल्या गावच्या खेळाडूसाठी जास्त देतात, तुम्हीच बघा ना, तुमचं मन कुठे आहे ते पहिल्याच प्रतिसादात लिहिलंत.

आकडेमोड | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

ताई, हे मला सुचायला हवं होतं. अगदी बरोबर.

तीन_नद्या | ७ डिसेंबर, रात्री १०:१०

मोदकताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लीगची यादी उघडून बसलो. आमच्यात तिघे डेट्रॉइटजवळच्या नोव्हायचे आहेत, तिघेही डेट्रॉइटचे कट्टर. त्यातल्या एकाकडे राखण्यासारखा एकही पिचर नाही आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये उभा राहणारा खेळाडू) मात्र दोन आहेत. मी गेली दोन वर्षं शॉर्टस्टॉपला रडतोय. उद्या फोन करतो.

मोटारनगर | ७ डिसेंबर, रात्री १०:१८

मी तुमच्या लीगमध्ये असतो तर स्कूबलसाठी काहीही दिलं असतं, त्यामुळे मोदकताई बरोबर आहेत हे कबूल करावंच लागेल. पण कमी घेऊन देऊ नका. ऑक्टोबरमध्ये बाद फेरीत सिअॅटलविरुद्ध निर्णायक पाचव्या सामन्यात त्याने सहा इनिंगमध्ये १३ जण बाद केले आणि १५ इनिंगनंतर आम्ही ३-२ हरलो. ज्या डेट्रॉइटवाल्याने तो सामना पाहिला तो त्याची किंमत कमी करणार नाही.

तीन_नद्या | १४ डिसेंबर, रात्री ९:०५

झालं. सात दिवस फोनाफोनी, एकदा त्याने नाही म्हटलं, मग त्याच्याच बायकोने "तुला स्कूबल हवाय ना, मग घे की" म्हटलं म्हणे. स्कूबल देऊन सिनसिनाटीचा शॉर्टस्टॉप एली डे ला क्रूझ घेतला. २०२४ला ६७ बेस चोरले होते (म्हणजे हिटशिवाय पळून पुढचा बेस गाठला होता), यंदा ३७वर आला आणि २२ होमरन. दुसऱ्या अर्ध्यात घसरला म्हणूनच मिळाला. जानेवारीत २४ वर्षांचा होईल. शिवाय दहाव्या फेरीतली निवड मी त्याला दिली आणि सातव्या फेरीतली त्याची घेतली.

राखीव पिचर स्कीन्स. लेकीला सांगितलं तर तिने एप्रिलची तिकिटं बघायलाही घेतली. सामन्याच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, त्यावरून चालत जायचं तिला फार आवडतं.

स्कूबलबद्दल वाईट वाटतंय, खरंच. मोटारनगर, आजोबा गळ्यात पडले ते वाचून त्या सामन्याचे तुकडे पुन्हा बघितले. ९४वा चेंडू तीनदा बघितला.

मीरा_क्लीव्हलंड | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

अभिनंदन! दोघांनाही चांगलं मिळालं. पण आता राखीव फलंदाज तुमच्याकडे चार झाले, ठेवता येतात तीनच. कोणाला सोडताय?

तीन_नद्या | १४ डिसेंबर, रात्री ९:४२

तेच घेऊन बसलोय. त्याचा वेगळा धागा काढतो, आणि या वेळी मोदकताईंना आधी विचारतो की सोडायच्या ऐवजी द्यायचा कोणाला.